नागासाकीचा निर्णय नेमका कोणी घेतला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने नागासाकीवर टाकलेल्या दुसऱ्या अणुबॉम्बवरच्या माझ्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया तळमळीने लिहिली आहेत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जपानी सैन्याने चीनमधल्या नानकिंगमध्ये आणि अंदमानात काय केलं ते मी विसरलो, अणुबॉम्ब पडले नसते तर जपानवरच्या स्वारीत दहा लाख माणसं मेली असती, आणि इतक्या वर्षांनी घरबसल्या तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दोष देणं सोपं आहे.

अत्याचारांबद्दल आपल्यात वाद नाहीच. जानेवारी १९४४ मध्ये अंदमानात होम्फ्रेगंजला आपल्याच माणसांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या गेल्या, त्याला क्षमा नाही. पण त्याची किंमत नागासाकीतल्या शाळकरी पोरांनी का मोजायची?

माझा लेख मुख्यतः दुसऱ्या बॉम्बबद्दल होता. ट्रुमन यांनी दोन वेळा विचार करून दोन निर्णय घेतले, असं तुम्ही गृहीत धरता. नागासाकीसाठी वेगळा निर्णय झालाच नाही. २५ जुलै १९४५ च्या लेखी आदेशात म्हटलं होतं की साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान पाहून पहिला बॉम्ब टाकावा, आणि पुढचे जसजसे तयार होतील तसतसे टाकत जावेत. हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी अशी चार नावं त्यात होती. (क्योटो त्याआधीच युद्धमंत्री स्टिमसन यांनी आग्रहाने वगळायला लावलं होतं. एका माणसाच्या हट्टामुळे एक शहर वाचतं, याने मी आजही अस्वस्थ होतो.) बाकी सगळं, विमानं जिथून उडत त्या पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच्या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती. दुसरा हल्ला ११ ऑगस्टला व्हायचा होता. १० तारखेपासून हवा बिघडणार असा अंदाज आला आणि तो ९ तारखेवर आणला गेला.

त्या दिवशी विमान आधी कोकुरावर गेलं. ढग आणि धुरामुळे लक्ष्य दिसेना. तीन फेऱ्या मारूनही जमलं नाही, इंधन कमी पडू लागलं, तेव्हा ते नागासाकीकडे वळलं. तिथेही ढग होतेच. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामीच्या खोऱ्यात. वर्षअखेरपर्यंत सत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली.

त्याच ९ तारखेला पहाटेपूर्वीच सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसल्या होत्या. टोकियोत सहा जणांच्या युद्धमंडळाची बैठक सकाळीच सुरू झाली होती. नागासाकीची बातमी त्यांना बैठक चालू असतानाच कळली. ती कळल्यावरही शरणागती कोणत्या अटींवर पत्करायची यावरची मतं तीन विरुद्ध तीन अशीच राहिली. तिढा सुटला तो मध्यरात्री, सम्राटाने स्वतः शरणागतीचा कौल दिल्यावर. ६ ऑगस्टला हिरोशिमावर पडलं ते काय, हे तपासायला गेलेले शास्त्रज्ञ निशिना ८ ऑगस्टला तिथे पोचले होते. म्हणजे पहिल्या बॉम्बचा अर्थ लावायलाही जपानला पुरता वेळ मिळाला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत वजनदार मुद्दा हा की एकाच बॉम्बवर जपान म्हणाला असता, अमेरिकेकडे आणखी नाहीत. असं म्हणणारे जपानी सेनानी खरोखर होते, म्हणून मी तो मुद्दा उडवून लावत नाही. पण जपानच्या क्युशू बेटावरची स्वारी १ नोव्हेंबरला ठरली होती. मधे जवळजवळ तीन महिने होते. आठवडाभर थांबून उत्तराची वाट पाहिली असती तर त्या स्वारीतला एकही सैनिक जास्त मेला नसता. इतर आघाड्यांवर आणि कैद्यांच्या छावण्यांत रोज माणसं मरत होती हे खरं. पण तो हिशोब करून तारीख अलीकडे आणली नव्हती, हवामान पाहून आणली होती. दहा लाखांचा जो आकडा तुम्ही दिलात, तो स्टिमसन यांच्या १९४७ च्या लेखामुळे लोकांच्या तोंडी बसला. तो खरा धरला तरी नागासाकीच्या घाईचं समर्थन त्यातून होत नाही.

आणि ट्रुमन यांना मी सरसकट दोष दिलेला नाही. १० ऑगस्टला त्यांनीच हुकूम दिला की यापुढे राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. तिसरा बॉम्ब आठवडाभरात तयार होणार होता. आणखी एक लाख माणसं, ती सगळी लहान मुलं मारायची कल्पना सहन होत नाही, अशा अर्थाचं ते मंत्रिमंडळात बोलल्याची नोंद त्यांचे वाणिज्यमंत्री वॉलेस यांच्या डायरीत आहे. ही परवानगीची अट ६ तारखेच्या संध्याकाळी का घातली गेली नाही, हा माझा प्रश्न आहे. त्यावर तुमचं उत्तर वाचायला मला खरंच आवडेल.