अर्धांगवायू झाला तर पैसे मिळतील का, एवढं विचारा

कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वस्तीत अपघात विमा विकताना ठरलेलं वाक्य असतं: ‘हातपाय गेला तरी घर चालेल.’ वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. आणि अर्धवट आहे म्हणूनच खपतं.

आपल्याकडे अपंगत्वाचा विमा म्हणून गळ्यात पडते ती बहुतेकदा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी. म्हणजे आधी अपघात हवा. अचानक, अनपेक्षित, बाहेरून बसलेला, दिसणारा जबर आघात. एपीएमसी मार्केटात वर्षानुवर्षं गोणी वाहून मणक्यातली गादी सरकली, तर दाव्याच्या फॉर्मवर अपघाताची तारीख कोणती टाकणार? गोणी अंगावर कोसळली तर निदान भांडता येतं. अर्धांगवायू, मधुमेहाने कापावा लागलेला पाय, हे तर सरळ आजारातच जातं. काय मिळणार नाही याच्या यादीत हे शोधाल तर कदाचित सापडणारही नाही, कारण ते व्याख्येतच बाद झालेलं असतं.

मोझांबिकमध्ये मलेरियाने गेलेल्या, कर्जासोबत अपघात विमा घेतलेल्या एका कर्जदाराच्या घरच्यांनी डास चावणं हा अपघात म्हणून दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो मानला नाही. जिथे मलेरिया सर्रास आहे तिथे डास चावणं अनपेक्षित कसं?

काय मिळणार नाही त्या यादीतली दारू, स्वतः करून घेतलेली इजा, गुन्हा, युद्ध ही कलमं सगळ्यांना ठाऊक असतात. पण घोडबंदर रोडच्या खड्ड्यात बाइक आपटली आणि केस पेपरवर ‘दारूचा वास’ एवढंच कुणी लिहिलं, तरी दावा लटकतो. तो कागद वेळेवर वाचतो कोण! दुचाकीच्या विम्यातलं 15 लाखांचं कव्हरही मालक-चालकाचं, तेही लायसन्स चालू असेल तर. मेव्हणा गाडी घेऊन गेला तर त्याला त्यातलं काही नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत आहे, जरूर घ्या. अपघातात एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर 1 लाख, दोन गेले तर 2 लाख. पण पाय मोडून चार महिने घरी बसलात तर शून्य. रोजंदारीवाल्याचं खरं मरण त्या चार महिन्यांतच असतं. त्यासाठी तात्पुरत्या अपंगत्वाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि एजंट त्याचा विषय आपणहून क्वचितच काढतो.

1 जानेवारी 2024 पासून पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं ग्राहक माहितीपत्रक देणं सक्तीचं आहे. मराठीत मागा. आणि मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर एजंटकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, ‘हो हो दादा, सगळं मिळतं’ यावर सही करू नका.