कादंबरीकार, अ.पा.क. वडील

अकरावी-बारावीच्या वयात मुलं प्रेमात पडतात, न सांगता मित्राची गाडी चालवतात, एखादा गच्चीत जाऊन सिगारेट ओढून बघतो. ही दुखणी आईबापांच्या ओळखीची असतात आणि त्यांवरचे उतारेही ठरलेले असतात. मी कादंबरी लिहिली. त्यावर कराडात उतारा नव्हता.

कादंबरीचा नायक पंचेचाळीस वर्षांचा. दादरला राहणारा, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, घटस्फोटित, आणि संध्याकाळ झाली की समुद्राकडे बघत बसणारा. मी दादर एकदाच पाहिलं होतं, तेही आत्याच्या लग्नात, कार्यालयाच्या खिडकीतून. घटस्फोटित माणूस तर जवळून पाहिलाच नव्हता. पण माहिती नसल्यामुळे त्या वयात लिहिणं अडत नाही. आपल्याच वयाच्या, कराडच्या, सायकलवरून क्लासला जाणाऱ्या मुलीवर लिहायचं तर मला ते अगदीच पोरकट वाटायचं.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. कादंबरी झाली म्हटल्यावर ते म्हणाले, "पुढचं वर्ष बारावीचं आहे." मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेवरची टीका पुरी केली तेव्हा त्यांचं वय पंधरा होतं. मी सोळाची. म्हणजे उशीरच झाला होता.

"त्यांना फिजिक्स होतं का?" बाबा.

आजी ज्ञानेश्वरीची पारायणं करणारी, म्हणून मला तिचा भरवसा होता. ती म्हणाली, "आणि त्यांचं लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. हिच्यासारखी रात्रभर लाइट जाळत नव्हते ते."

प्रकाशकांचे पत्ते मी वाचनालयातल्या पुस्तकांमधून उतरवून घेतले. मुखपृष्ठ उलटलं की आत बारीक अक्षरात असतात ते: सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ. मराठी साहित्य हे प्रामुख्याने पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या दुसऱ्या मजल्यावर तयार होतं अशी माझी समजूत झाली, आणि पुढे ती फारशी खोटी ठरली नाही. सोबतचं पत्र मात्र बाबांनी लिहायला घेतलं. पोरीची शैली असली तरी पत्राला नमुना असतो, असं त्यांचं म्हणणं. "विषय : कादंबरी प्रसिद्ध करणेबाबत. संदर्भ : निरंक. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, माझी कन्या, वय वर्षे 16, शिक्षण इयत्ता 11 वी (शास्त्र), हिने एक कादंबरी तयार केली असून..." 

"वय काढा," मी म्हटलं.

"अर्जात वय लागतं."

मग बाडं परत यायला लागली. 'साभार परत' असं छापलेली चिठ्ठी, खाली कोंबडीच्या पायासारखी सही. एका पाकिटात तर बाडाला मी घरी मारलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. ती गाठ न सोडता संपादकांनी कळवलं होतं की लेखनात प्रौढत्वाचा अभाव जाणवतो. दुसऱ्या एकाने लिहिलं, "आपण अजून लहान आहात, भरपूर वाचन करा." आमचा पोस्टमन पाकीट हातात देताना दरवेळी "निकाल आला वाटतं" म्हणायचा. त्याच्याकडे कितीतरी घरांचे नापासाचे निकाल येत असल्यामुळे त्याची नजर अचूक होती.

मी बारावीत असताना, 2003 साली, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनच कराडला आलं. कराडला संमेलनाचं नवल नाही. 1975 साली दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या ते संमेलन इथलंच, आणि आणीबाणीत बाई बोलल्या तेव्हा मी मांडवात होतो असं सांगणारी माणसं खरी धरली, तर तो मांडव कृष्णा ओलांडून पलीकडे गेला असणार. या वेळी अध्यक्ष सुभाष भेंडे होते. पण मला अध्यक्षांशी कर्तव्य नव्हतं. ज्या पेठांचे पत्ते मी पाठ केले होते, त्या सगळ्या पेठा ग्रंथप्रदर्शनाच्या गाळ्यांत येऊन बसल्या होत्या. शबनममध्ये बाड घालून मी गेले.

"कोणतं पुस्तक देऊ?"

"घ्यायचं नाही, द्यायचंय."

"विकलेलं परत घेत नाही."

पुढच्या गाळ्यावर मी सुधारून म्हटलं, "मी बारावीला आहे, आणि मी एक—" तेवढ्यात त्या गृहस्थांनी अपेक्षित प्रश्नसंच कुठल्या गाळ्यावर मिळतील ते हात लांब करून दाखवलं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा शबनममध्ये माझी कादंबरी तर होतीच, वर इतरांच्याही विकत घेतलेल्या होत्या. मराठी प्रकाशन व्यवसायाला माझा पहिला हातभार लागला तो असा.

परीक्षा झाल्यावर बाबा म्हणाले, टपालाने काम होत नसतं, समक्ष भेटावं लागतं. हा त्यांच्या खात्यातला अनुभव. आम्ही एसटीने स्वारगेटला उतरलो. पहिल्याच कार्यालयात प्रकाशकांनी बाड उचललं, हातावर तोललं आणि बाबांकडे बघून म्हणाले, "चौदा फर्मे होतील. बारात बसवा."

एक फर्मा सोळा पानांचा. म्हणजे बत्तीस पानं उडवायची. "कुठली?" मी विचारलं.

"तत्त्वज्ञान जरा कमी करा," ते बाबांना म्हणाले.

"तुम्ही वाचलीत?" मी.

"कादंबरीत ते असतंच."

त्यांनी बाबांना धंदा समजावून सांगितला. हजार प्रतींची आवृत्ती. लोक पुस्तक विकत घेत नाहीत, ग्रंथालयं घेतात. 1967 च्या कायद्याने मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांची, अनुदान वर्गाप्रमाणे. त्यांना शासनाच्या यादीतलं पुस्तक हवं असतं, आणि नाव माहितीतलं हवं. वर्ग, अनुदान, यादी हे शब्द कानावर पडताच बाबांचा चेहरा उजळला. साहित्य म्हणजे काहीतरी वेगळंच असतं अशी त्यांना इतके दिवस धास्ती होती. हे तर त्यांचंच खातं निघालं.

दुसऱ्या ठिकाणी एक विद्वान भेटले. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 1885 साली छापून येऊ लागली तेव्हा हरिभाऊ एकवीस वर्षांचे होते, असं त्यांनी सांगितलं, आणि बोटांवर हिशेब करून मला चार वर्षांनी यायला सांगितलं.

तिसरे मात्र माझं वय ऐकून खुर्चीतून उठलेच. "सतरा? वा! मुखपृष्ठावरच टाकू. 'महाराष्ट्रातील सर्वांत लहान कादंबरीकार.' गणवेशातला फोटो आहे ना? दोन वेण्यांचा?" कादंबरी कशावर आहे हे त्यांनीही विचारलं नाही. कागद, छपाई, बाइंडिंग आमचं, नाव त्यांचं. आकडा बाबांच्या दोन-तीन पगारांएवढा होता. "फक्त घाई करा," दारापर्यंत येऊन ते म्हणाले. "अठरा पूर्ण झाली की काही उपयोग नाही."

बाबांनी पैशाला नाही म्हटलं, पण फोटोवर परतीच्या प्रवासात बराच विचार केला. 

उद्या कोणी करार करायला निघालंच तर तयारी असावी म्हणून कोर्टातल्या मामाला बोलावलं. तो चहा ओतून घेत म्हणाला, हिला करार करताच येत नाही. 1872 चा कायदा. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, निकालच दिलाय. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नावाच्या पोरानं सज्ञान होण्याआधी घर गहाण टाकलं होतं, सावकार बसला बोंबलत. अठराच्या आतल्यानं केलेला करार मुळातच रद्दबातल. "तेव्हा सही दाजींची. सातबाऱ्यावर असतं तसं. लेखिका अमुक अमुक, अ.पा.क. वडील. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान मुलाच्या वतीनं सही करणारा."

"म्हणजे मालक कोण?" बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लिहिलं तिनं, हक्क तिचा. लिहिल्या क्षणापासून. आणि ती गेल्यावर साठ वर्षं वारसांचा."

"भरल्या घरात पोरीच्या मरणाचं काय बोलतोस रे!" आजी आतून कडाडली. "आधी दहा प्रती तरी खपू देत."

पण 'अ.पा.क.' बाबांच्या अंगात भिनलं. ते ऑफिसात "आमची कादंबरी" म्हणू लागले. मग "आमच्या कादंबरीत एक अडचण आहे" असं म्हणू लागले. अडचण म्हणजे दादर. प्राध्यापकाची बदली कोयनानगरला करावी, असं त्यांनी सुचवलं. समुद्राऐवजी जलाशयाकडे बघेल, पाणी ते पाणीच, शिवाय धरणाबद्दल काही चुकलं तर ते सांगू शकतील. मी नकार दिला. दोन दिवस घरात लेखक आणि अज्ञान पालनकर्ता एकमेकांशी बोलत नव्हते.

पहिल्या प्रकाशकांना टाइप केलेली प्रत हवी होती, म्हणून स्टँडजवळच्या डीटीपीवाल्या ताईंकडे वह्या दिल्या. लग्नपत्रिका, वास्तुशांती, उत्तरकार्याची कार्डं, अशा गठ्ठ्यांच्या मधे माझे प्राध्यापक जाऊन बसले. आठवड्याने ताईंनी मला बाजूला घेतलं.

"तुमची ती बाई 62 पानावर वारली न्हवं?"

"हो." तो माझा आवडता प्रसंग होता. 

"118 वर चहा करतीय."

मी गप्प.

"मी 62 ला बेशुद्ध केलीय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं दहाव्याची कार्डं असत्यात, मेलेल्याचं आम्हाला बघावं लागतं. आणि त्यो मास्तर लई रडतोय. त्याला तास न्हाईत व्हय कॉलेजात?"

एवढी नेमकी समीक्षा मला पुढे कधीच मिळाली नाही. शिवाय त्यांनी माझं वय विचारलं नव्हतं. पानाला किती रुपये एवढंच सांगितलं होतं.

बेशुद्ध नायिका घेऊन आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. प्रकाशक पहिलं पान बघत होते, बाबांना शांत बसवेना. त्यांनी कोयनेचा विषय काढला, बहुधा प्राध्यापकाची बदली माझ्या माघारी मंजूर करून घ्यावी म्हणून. बोलता बोलता ते 1967 च्या 11 डिसेंबरवर आले. पहाटेचा भूकंप, पाटण तालुक्यातलं आमचं गाव, बाबांचं वय सोळा. गोठ्याचं छप्पर बसल्यावर दावं तोडून आलेली म्हैस आणि त्यांचे आजोबा अंगणात एकाच घोंगडीखाली कसे उजाडेपर्यंत बसले होते, ते त्यांनी सांगितलं. मला हे माहीत होतं, पण इतकं नीट मी कधी ऐकलं नव्हतं. प्रकाशकांनी माझं बाड बाजूला सरकवलं, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "हे लिहा की तुम्ही."

बाबांनी सगळा पावसाळा लिहिलं. रात्रभर लाइट जाळून. आजीने त्यांना सच्चिदानंदबाबांची आठवण करून दिली नाही, उलट कॉफी दिली. "सदर भूकंप पहाटेच्या सुमारास झाला असून" असं पहिलं वाक्य होतं. ते मी खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. म्हशीच्या जागी त्यांनी 'दुभते जनावर' केलं होतं, तिथे आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि म्हैस परत आली. शेवटी बाड सुतळीनं बांधून आम्ही दिवाळीनंतर पुन्हा तो जिना चढलो. माझं बाड तिथेच होतं, खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्यात अडकवलेलं.

प्रकाशकांनी नवं बाड हातावर तोललं. "सहा फर्मे. छान." मग चष्मा वर करून बाबांकडे पाहिलं. "वय काय आपलं?"

"बावन्न पूर्ण."

"अरेरे," प्रकाशक म्हणाले. "पहिलं पुस्तक बावन्नाव्या वर्षी? ग्रंथालयवाले विचारतात हो, इतके दिवस कुठे होतात म्हणून."

स्वारगेटला गाडीत बसेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. कात्रजचा घाट लागल्यावर सुरू झाले. "वय काय बघतो? आधी वाच म्हणावं. गाठ तरी सोडलीन का त्यानं?" खंबाटकीच्या घाटात, साताऱ्याच्या स्टँडवर, थेट उंब्रजपर्यंत हेच. शेजारच्या सीटवरच्या माणसाने शेवटी कंटाळून मला विचारलं, "हे लेखक आहेत का?"

मी म्हटलं, "हो. मी त्यांची पालनकर्ती."