रेती पुढे कुठे जाते?

गोव्यातल्या शापोरा नदीत रात्री चालणाऱ्या बेकायदा रेती उपशावरचा लेख वाचला. खरंच आहे सगळं, पण लेख नदीतच थांबला. पावसात नदी रेती खाली आणते, समुद्र ती मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर टाकतो, मग वाऱ्याने उडालेली कोरडी रेती मर्यादवेलीत नि रावणाच्या मिशांत (किनाऱ्यावरची वेल नि गवत) अडकून रेतीची टेकडी वाढते. वरच पंप लावून उपसली तर खाली काय येणार?

आमचं घर मांद्र्यात. लहानपणी समुद्र बघायला टेकडी चढावी लागायची, अनवाणी, पाय भाजत. आता अंगणातूनच लाटा दिसतात (पाहुण्यांना फार आवडतं!). बांबूच्या खोल्या बांधायला एकाने जेसीबी लावून टेकडी सपाट केली, वेली उपटून जाळल्या. २०११ च्या सीआरझेड (किनारी भागातल्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या) अधिसूचनेत या टेकड्या सर्वांत कडक गटात आहेत म्हणे! तक्रार केली की माणूस येतो, फोटो काढतो, जातो.

आणि होडीवरचे मजूर काय पकडता, ट्रक कोणाच्या दारात रिकामा होतो ते बघा. खोटं कशाला बोलू, आमच्या मागच्या खोलीलाही रात्रीचीच रेती लागलीय.