ड्रॉइंगवर आकडा लिहिलेला असताना अंदाज कशाला?

एखाद्याच्या हातात मिलिमीटरमध्ये मापे लिहिलेले ड्रॉइंग द्यावे, त्याने ते घडी घालून खिशात ठेवावे, काम स्वतःच्या अंदाजाने करावे आणि चूक दाखवली की उलट आपल्यालाच ‘साहेब, एवढं कोण बघतंय?’ असे विचारावे, या प्रकाराचा मला आता मनस्वी संताप येऊ लागला आहे. मी बघतो. मी बघतो म्हणूनच ड्रॉइंग काढले, त्यावर आकडे लिहिले आणि काम सांगताना ते वाचूनही दाखवले.

१९८५ मध्ये आलेल्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातील, कालप्रवास करणाऱ्या डिलोरियन गाडीचे आतले भाग मी पुण्यात घरच्या घरी बनवतो. सबंध गाडी बनवण्याचा माझा विचार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार रस्त्यावरच्या गाडीत असले फेरफार करता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. त्यामुळे माझे सगळे काम टेबलावरचे आहे. डॅशबोर्डवरच्या तीन ओळींच्या तारखांचा पॅनेल, त्याशेजारचा अंकांचा वेगदर्शक आणि दोन सीटांच्या मागे बसणारी, आत इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचे दिवे असलेली फ्लक्स कपॅसिटरची (चित्रपटात कालप्रवास घडवणाऱ्या काल्पनिक यंत्राची) पेटी, एवढेच भाग मला हवे आहेत. मात्र ते मूळ भागांसारखे हवे आहेत, त्यांची साधारण आठवण करून देणारे नकोत.

हा फरक ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टजवळच्या डनमरी येथे १९८१ आणि १९८२ या काळात या गाड्या तयार झाल्या. सुमारे नऊ हजार गाड्या बाहेर पडल्या आणि कंपनी बुडाली. स्टेनलेस स्टीलचे, रंग न दिलेले पत्रे आणि वर उघडणारे दरवाजे यांमुळे ही गाडी पडद्यावर शोभली. पण तिला कालयंत्राचे रूप आले ते रॉन कॉब आणि अँड्र्यू प्रोबर्ट यांच्या रेखाटनांमुळे आणि ती रेखाटने प्रत्यक्षात उतरवणाऱ्या कारागिरांमुळे. त्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातून विमानांचे आणि लष्कराचे जुने, मोडीत निघालेले सामान गोळा केले, विजेच्या कामाच्या तयार पेट्या आणल्या, मागच्या अणुभट्टीसाठी डॉज पोलारा गाडीची हबकॅप, म्हणजे चाकाच्या मध्यावरचे झाकण, वापरले आणि चित्रपटाच्या शेवटी दिसणाऱ्या, कचऱ्यापासून ऊर्जा बनवणाऱ्या ‘मिस्टर फ्यूजन’ यंत्रासाठी क्रुप्स कंपनीचे कॉफी दळण्याचे यंत्र उचलले. म्हणजे त्या गाडीवरच्या बऱ्याच वस्तू कुठल्या तरी कारखान्यात ठरावीक मापाने तयार झालेल्या होत्या. त्या वस्तू आजही मिळतात, मोजता येतात, आणि छायाचित्रात त्यांच्या शेजारी जे दिसते त्याचे माप त्यांच्यावरून काढता येते. मूळ गाडी बरीच वर्षे स्टुडिओच्या आवारात उघड्यावर उभी होती, तिचे भाग लोकांनी काढून नेले होते. २०११-१२ मध्ये तिची डागडुजी झाली तेव्हा या गाडीच्या वेड्या चाहत्यांनी एकेक भाग ओळखून आणि शोधून आणून दिला. आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे. इतक्या लोकांनी इतक्या निगुतीने जपलेली मापे आपल्याकडे येऊन ‘दोन सूत इकडे-तिकडे’ या एका वाक्यात विरघळून जातात, हे मला सहन होत नाही.

सुरुवात थ्रीडी प्रिंटरवर भाग छापण्यासाठी विकत मिळणाऱ्या फायलींपासूनच होते. पडद्यावर दिसते अगदी तशीच प्रतिकृती, असे ठळक अक्षरांत लिहून लोक पैसे घेतात. फाइल उघडून मोजले तर पॅनेलच्या तीन ओळींची उंची एकसारखी नसते, खिडकीच्या कोपऱ्यांची गोलाई डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरीच असते. एकाने छायाचित्रावरून अंदाजाने काढलेले चित्र दुसऱ्याने उचललेले असते, तिसऱ्याने त्यावर स्वतःचे नाव टाकलेले असते, आणि पहिल्याची चूक तिन्हीकडे जशीच्या तशी सापडते. त्यात एसटीएल या छपाईच्या नेहमीच्या प्रकारातल्या फाइलमध्ये एकक लिहिलेलेच नसते. आकडा असतो, पण तो इंचांचा की मिलिमीटरचा, हे विकणाऱ्याने सांगायचे असते. तेवढी एक ओळ लिहिण्याचेही कष्ट हे लोक घेत नाहीत. इंचांत काढलेला भाग मिलिमीटर समजून उघडला तर २५.४ पट लहान दिसतो आणि ती चूक लगेच कळते. पण मधेच कुणी हाताने ओढून ‘बरोबर दिसेल’ इतका मोठा करून ठेवलेला असला, तर ती चूक भाग छापून हातात आल्यावरच कळते.

म्हणून मी स्वतःची फाइल काढली आणि छपाईसाठी एका प्रिंटिंगवाल्याकडे दिली. भाग घरी आणून व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) लावला तर प्रत्येक माप ठरावीक टक्क्यांनी कमी. विचारल्यावर शांतपणे उत्तर मिळाले, की पॅनेल मशीनच्या २२० मिलिमीटरच्या बेडवर मावत नव्हता, म्हणून ‘थोडा स्केल केला’, म्हणजे सगळा आकारच लहान केला. मला न विचारता! दोन तुकड्यांत छापता आला असता, तिरका ठेवून बघता आला असता, निदान एक फोन करता आला असता. पॅनेल लहान झाला की त्यातली दिव्यांची भोकेही लहान होतात, आणि दिवे काही माझ्या पॅनेलसोबत आकसत नाहीत, एवढा साधा विचार त्या माणसाच्या मनात का येऊ नये? आणखी एक गोष्ट. मी एबीएस हे प्लास्टिक सांगितले असताना त्याने पीएलए हे दुसरेच प्लास्टिक वापरले, कारण मशीनवर तेच लावलेले होते. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागते. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेला असा पॅनेल वाकडा होतो, हे छपाईचा धंदा करणाऱ्याला मी सांगायचे का?

खरा कहर पत्र्याच्या कामात झाला. तारखांच्या तीन पेट्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या करायच्या होत्या. अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या नोंदींत पत्र्याची जाडी ‘१६ गेज’ अशी लिहिलेली असते, आणि तिथल्या पद्धतीत १६ गेज ॲल्युमिनियम म्हणजे १.२९ मिलिमीटर. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश गेजमध्ये १६ म्हणजे जवळपास १.६३ मिलिमीटर. हा घोळ मला माहीत होता, म्हणून मी ड्रॉइंगवर गेज हा प्रकारच लिहिला नाही, ‘पत्रा १.२ मिलिमीटर’ असे लिहिले, बाहेरचे माप आणि आतले माप वेगवेगळे दाखवले, आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मालकासमोर बसून सगळे समजावले. त्यांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात पेट्या हातात आल्या त्या १.६ च्या पत्र्याच्या. बाहेरचे माप बरोबर होते, हे कबूल. पण दोन्ही बाजूंना पत्रा जाड झाल्यामुळे आतली जागा जवळपास एक मिलिमीटरने घटली होती, त्यात वाकवलेल्या कडेची गोलाईही वाढली होती, आणि माझा दिव्यांचा बोर्ड पेटीच्या तोंडाशीच अडकला. मी तो त्यांच्या टेबलावर पेटीत घालून दाखवला. मालकाने बोर्ड हातात घेतला, अंगठ्याने कडेवर जोर दिला आणि म्हणाले, ‘साहेब, बोर्डच जरा घासून घ्या की. बसतोय बघा.’ त्या कडेपासून दीड मिलिमीटरवर वीज वाहून नेणारी तांब्याची रेघ जात होती, मी ती त्यांना बोटाने दाखवली, तरी त्यांचा अंगठा काही उठला नाही.

एवढ्यावरही संपले नाही. मी पृष्ठभागावर एका दिशेने बारीक घासल्याच्या रेघा मागितल्या होत्या, त्यासाठी नमुन्याचा तुकडाही दिला होता. त्यांनी पेट्या बफिंग करून आरशासारख्या चकचकीत करून ठेवल्या, कारण ‘असं छान दिसतं’. भोके मूळच्या अमेरिकन ८-३२ मापाच्या स्क्रूसाठी होती. आटे पाडण्याचे हत्यार, म्हणजे टॅप, मी स्वतःचा नेऊन दिला होता. त्यांनी एम४ या मेट्रिक मापाचे आटे पाडले, कारण एम४ चे स्क्रू त्यांच्याकडे पडलेले होते. ८-३२ च्या आट्यांचे अंतर साधारण ०.७९ मिलिमीटर आणि एम४ चे ०.७, एकमेकांत ते सुरुवातीला थोडे शिरतात आणि मग आटे खाऊन अडकतात. माझा टॅप मला परत मिळाला, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठही न सोडलेला.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे निदान वस्तू परत करता येते. तारखांच्या ओळी लाल, हिरवी आणि पिवळी अशा आहेत. लाल अंक कुठेही मिळतात. हिरव्याचे मात्र दोन प्रकार असतात: ऐंशीच्या दशकातला, पोपटीकडे झुकणारा, साधारण ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि हल्लीचा झळझळीत, ५२५ च्या आसपासचा. मला जुना हवा असतो. दुकानदार म्हणतो हिरवा तो हिरवाच, आणि वर ‘हा जास्त उजेड देतो’ असे सांगून नवा गळ्यात मारतो. महिन्याची तीन अक्षरे दाखवायला १४ उजळणाऱ्या तुकड्यांचे अंक लागतात, तेही कॉमन कॅथोडचे (ज्यांच्या सगळ्या तुकड्यांचे ऋण टोक एकच असते), कारण अंक उजळवणारी माझी ड्रायव्हर चिप दुसऱ्या प्रकारावर चालत नाही. पण डब्यावर एक लिहिलेले असते आणि डब्यात निघते भलतेच. मीटर लावून दाखवा म्हटले, तर मागे उभे असलेले गिऱ्हाईकही आपल्यावरच वैतागते. फ्लक्स कपॅसिटरवर ‘शील्ड आइज फ्रॉम लाइट’ अशी सूचना लिहिलेली लाल पट्टी आहे. ती दाबून अक्षरे उठवलेली प्लास्टिकची पट्टी आहे आणि दाबलेल्या जागी प्लास्टिक पांढरे पडल्यामुळेच अक्षरे दिसतात. एका स्टिकरवाल्याने मला तिचा सपाट, छापील स्टिकर दिला आणि तीच अक्षरे आहेत म्हणून पूर्ण पैसे मागितले.

‘खेळणंच तर आहे’ हे वाक्य मी घरातल्यांकडून, मित्रांकडून आणि आता कारागिरांकडूनही ऐकतो आहे, आणि मला ते मान्य नाही. या गाडीला पडद्यावर ताशी ८८ मैलांचा वेग गाठायचा होता. अमेरिकेतल्या त्या काळच्या नियमामुळे तिचा मूळ वेगदर्शक ८५ मैलांपाशीच संपत होता. डॅशबोर्डवरच्या वेगळ्या अंकांच्या वेगदर्शकावर तो ८८ चा आकडा दिसतो. त्यातल्या प्रत्येक पेटीला असे एक कारण आहे. त्या पेटीची रुंदी बदलली की शेजारच्या पॅनेलशी तिचे नाते बिघडते आणि सगळा डॅशबोर्ड खोटा दिसू लागतो. ज्याने तो चित्रपट लहानपणापासून जीव लावून पाहिला आहे, त्याला तो खोटेपणा एका नजरेत कळतो, भले त्याला नेमके काय चुकले ते सांगता येऊ नये. आपल्याकडे ब्लाउज अर्ध्या इंचाने चुकला तर शिंप्याला तो उसवून पुन्हा शिवून द्यावा लागतो, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाला कुणी चिकित्सक म्हणत नाही. मग पत्र्याच्या मापाचा आग्रह धरणारा माणसांना विक्षिप्त का वाटतो?

मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा, की हे न जमणारे लोक नाहीत. पुण्याच्या आसपास, भोसरीत आणि चाकणला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारी माणसे रोज मोटारींचे सुटे भाग बनवतात. ज्या मालकाने माझा बोर्ड घासायला सांगितला, त्याच्याच शेजारच्या टेबलावर मोठ्या कंपनीला जाणाऱ्या भागांचे ट्रे होते, प्रत्येक ट्रेवर तपासणीचा कागद होता आणि एक मुलगा मायक्रोमीटरने एकेक भाग मोजून त्यावर आकडे लिहीत होता. म्हणजे माप आहे, साधन आहे, हात आहे आणि सवयही आहे. फक्त ती काळजी एक-दोन नग मागणाऱ्यासाठी नाही. छोटे काम परवडत नाही, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी दर कधी पाडून मागत नाही. सेटिंगचे वेगळे पैसे, उरलेल्या पत्र्याचे पैसे, सगळे आधी ठरवतो आणि देतो. पैसे पूर्ण घ्यायचे आणि काळजी मात्र मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायची, याला काय म्हणावे?

आता मी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘विचारल्याशिवाय बदल करू नये’ असे लाल शाईने लिहितो आणि काम देताना त्याखाली सही घेतो. काहींना त्याचा राग येतो, त्यांनी खुशाल रागवावे. परवा एका वर्कशॉपवाल्याने ड्रॉइंग नीट वाचले, बोट ठेवून सांगितले की १.२ च्या पत्र्यात एवढी बारीक गोलाई त्यांच्या डायवर (पत्रा वाकवण्याच्या साच्यावर) येणार नाही, आणि कागद परत दिला. त्यांचा मला जराही राग आला नाही. त्यांच्याकडे मी पुढचे काम नक्की घेऊन जाईन. बाकीच्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की जमत नसेल तर पहिल्याच दिवशी कागद परत द्या, वेळ लागणार असेल तर वेळ मागा, पैसे जास्त लागणार असतील तर तेही सांगा. पण एकदा काम घेतले की कागदावरचा आकडा पाळा. आणि तो पाळला नसेल तर पेट्या तुमच्याकडेच ठेवा, कारण यापुढे अशा कामाचे पैसे मी देणार नाही.