आला पुन्हा सोलरवाला!

आला! सोलर प्रकल्पाला आमची जमीन भाड्यानं मागायला. पांढरी बोलेरो, काखेत फाईल, तोंडात ‘काका’. कोण रे तुझा काका? सातबारा द्या, आठ अ द्या, फेरफार द्या, बहिणींची संमती द्या. मागच्या एजंटाने नेलेल्या झेरॉक्स कुठं गेल्या, भजी बांधायला? शेतीला दिवसा वीज द्यायच्या सरकारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, वर दरसाल ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. हा पठ्ठ्या तिसाच्या पुढं सरकत नाही! वर विचारतो, ‘जमीन पडीकच ना?’ अरे, समोर कमरेएवढी तूर उभी आहे, डोळे आहेत का बटणं?

करार पन्नास पानी, सगळा इंग्रजीत. पंचवीस-तीस वर्षांची सही मात्र आजच हवी. कंपनी बुडाली तर सिमेंटात रोवलेले ते खांब कोण उपटणार? ‘बघू नंतर.’ आमच्या जमिनीवर कर्ज काढणार का? ‘बघू नंतर.’ आणि प्रकल्पाची वीज जिथं जोडायची ते सबस्टेशन लांब आहे कळलं, की हाच पुतण्या फोनसुद्धा उचलत नाही!

आम्ही आहोतच, रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला. दिवसा वीज म्हणे!