विळेवाला म्हातारा ग्रीक नाही

लांब दाढीचा म्हातारा, एका हातात विळा, दुसऱ्या हातात वाळूचं घड्याळ. खाली ओळ: 'प्राचीन ग्रीकांचा काळदेव क्रोनोस, स्वतःची मुलं गिळणारा.' ही पोस्ट फिरून फिरून येते, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

आधी नाव. मुलं गिळणारा तो क्रोनोस, देवांचा राजा झ्यूस याचा बाप. काळ म्हणजे ख्रोनोस; ग्रीकमध्ये पहिलं अक्षरच वेगळं आहे. दोघांना एक मानणं जुनं आहे हे खरं, ग्रीक लेखक प्लुटार्क आणि रोमन लेखक सिसेरो दोघंही त्याचा उल्लेख करतात. पण ते झालं कथेचा अर्थ लावणं. शिल्पात काळ कसा दिसे, हा प्रश्न वेगळा.

विळा क्रोनोसचा, हे बरोबर. मात्र प्राचीन ग्रीक कवी हेसिओदच्या कथेत तो त्याने बाप उरानोसवर चालवला. माणसांचं आयुष्य कापायला नव्हे. वाळूचं घड्याळ तर युरोपच्या चित्रांत चौदाव्या शतकात दिसू लागतं. अथेन्सच्या न्यायालयात भाषणाची वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी होतं.

आता म्हातारपण. आपल्याकडे 'काळ' म्हणजे मृत्यूही, त्यामुळे ते चित्र आपल्याला लगेच पटतं. प्रत्यक्षात ग्रीक शिल्पकार लिसिप्पोसने इ. स. पू. चौथ्या शतकात घडवलेला कैरोस, म्हणजे नेमकी संधीची वेळ, कोवळा तरुण आहे: पायांना पंख, कपाळावर झुलपं, मागून टक्कल. समोरून आला तरच धरता येतो, निसटला की हाती काही लागत नाही! इटलीत सेंतिनुमला सापडलेलं, आता म्युनिकला असलेलं मोझेक, म्हणजे रंगीत तुकड्यांचं चित्र, पाहा. अनंतकाळाचा देव आयोन तिथे राशिचक्राच्या कड्यात उभा आहे, नग्न आणि तरुण. पायाशी भूमाता आणि चार ऋतूंची चार मुलं. काळ संपवत नाही, फिरतो आणि पुन्हा फळं आणतो, हे इतक्या सुंदरपणे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आयोन काही ठिकाणी वयस्कही दिसतो, पण विळा-घड्याळ घेऊन नाही.

आणि रोमन अनंतता तर पुरुषही नाही. रोमन सम्राट वेस्पाशियनच्या नाण्यांवर एटेर्निटास ही स्त्री सूर्य आणि चंद्र यांची मस्तकं हातात घेऊन उभी आहे.

मग तो म्हातारा आला कुठून? कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्कीने 1939 मध्ये हा माग काढला: इटालियन कवी पेट्रार्कच्या काव्यासाठी चित्रं काढताना पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांनी जुन्या शनीचं, म्हणजे क्रोनोसचंच रोमन रूप असलेल्या सॅटर्नचं, वार्धक्य काळाला दिलं.