संख्येचा गुण की लिहिण्याचा?

कुठलीही मोठी संख्या टाकली की तिची कुंडली मांडून देणाऱ्या साइट्स आहेत. परवा मी २१४७४८३६४७ टाकली. विषम, मूळ, न्यून, अंकांची बेरीज ४६, द्विमानात (फक्त ० आणि १ वापरून लिहिताना) पॅलिंड्रोम, म्हणजे उलटसुलट सारखीच... यादी संपेना. माझा वैताग वेगळाच आहे. हे सगळे गुण एकाच पंगतीत कसे काय बसवता?

'न्यून' घ्या. म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येहून कमी. मूळ संख्येला असा विभाजक एकच, १. ती न्यून नसेल तर काय असेल? फुकटचं बिरुद!

अंकांची बेरीज हा तर संख्येचा गुणच नव्हे, तो दशमान पद्धतीत लिहिण्याचा. (गणिती कापरेकरांचं नाव घेऊन कुणी अंगावर यायच्या आधी सांगतो, त्यांच्या हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या, मलाही आवडतात.) १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ने १७२९ ला निःशेष भाग जातो. झकास. पण तीच संख्या द्विमानात लिहा, ११०११०००००१. बेरीज ५, हर्षदपण गेलं. दोन घनांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे मांडता येते, हे मात्र कशीही लिहिली तरी जात नाही.

मूळपणाचंही तसंच. आपली संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याच्या १६४४ च्या यादीत फ्रेंच गणिती मर्सेनने ३१ घातला होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे निघाले. ३१ चा निकाल गणिती ऑयलरने १७७२ मध्ये लावला, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे, तिथवर चार हजारांहून जास्त मूळ संख्या. एकेकीने भागत बसायचं? त्याने चाळणी लावली: विभाजक असलाच तर तो ६२ च्या पटीहून १ ने मोठा हवा, शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरायला हवी. मी वही घेऊन बसलो. ६३ बाद, २४९ बाद (दोन्ही मूळ नाहीत), पहिली खरी उमेदवार ३११. भागाकार केला, बाकी ३५. पुढची मूळ उमेदवार थेट १३०३! बाकी २२६. मी तिथे वही मिटली. त्याने शेवटपर्यंत नेलं.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट. द्विमानात ही संख्या म्हणजे ओळीने ३१ एके. हा निव्वळ लिहिण्याचा गुण. पण संगणकाच्या ३२ बिटांत (० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांत) ऋण-धन दोन्ही मावायचे असतील तर याहून मोठी संख्या बसत नाही. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजत आलेल्या जुन्या यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ वाजता इथे पोचतील, आणि पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतील. संख्या मूळ आहे की नाही, याच्याशी त्या घड्याळाला काडीचं देणंघेणं नाही.